चाकांवरचे घर आणि तिसरी तार

अमेरिकेच्या पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्याने बघायची तर दोन रीती आहेत. दिवसभर मोटारीने फिरायचे आणि रात्री हॉटेल गाठायचे, ही एक. दुसरी म्हणजे घरच बरोबर घेऊन निघायचे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एक लांबट खोली असते. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटी मोरी आणि संडास, छतावर एसी. हिला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. काही गाड्यांना स्वतःचे इंजिन असते, काही ट्रेलरसारख्या दुसऱ्या गाडीमागे ओढून न्याव्या लागतात. भाड्याने दोन्ही मिळतात.

आपल्यासारख्या कुटुंबांना ही दुसरी रीत फार सोयीची पडते. शहर सोडले की शंभर-दीडशे मैलांत हलाल मांसाचे दुकान दिसत नाही. अशा मुलखात स्वतःची शेगडी आणि खिम्याने भरलेला फ्रिज बरोबर असणे ही मोठी गोष्ट आहे. संडासात पाण्याची सोय आपल्या हाताने करून घेता येते. नमाजसाठी दोन जायनमाज पसरतील एवढी जागा निघते. म्हाताऱ्या माणसांना दर रात्री बॅगा उघडाव्या-बांधाव्या लागत नाहीत. माझ्या पत्नीने तर दुसऱ्याच दिवशी जाहीर केले, ‘हॉटेलापेक्षा हे बरे. निदान चहा तरी आपल्या चवीचा मिळतो.’

पण या घराला वीज हवी असते, आणि ती रोज रात्री परक्याच्या दारातून घ्यावी लागते. मी कोकणातल्या एका आयटीआयमध्ये २९ वर्षे वायरमनचा ट्रेड शिकवला. त्यामुळे दरीकडे बघण्याआधी माझी नजर विजेच्या डब्याकडे गेली, तर वाचकांनी नवल मानू नये.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही लास वेगासहून निघालो. मुलगी, जावई, नऊ वर्षांचा नातू, चार वर्षांची नात आणि आम्ही दोघे. गाडी २५ फुटांची. व्हर्जिन नदीने कापलेल्या घळीतून रस्ता युटा राज्यात चढतो. साधारण १६० मैलांवर झायन राष्ट्रीय उद्यान लागते. दोन-दोन हजार फुटांचे तांबडे, गुलाबी, मध्येच पांढरे पडलेले वालुकाश्माचे कडे, आणि तळाशी पावसाळ्यानंतरच्या ओढ्याएवढी नदी. एवढ्याशा पाण्याने एवढा डोंगर कापला, यावर नातवाचा विश्वास बसेना. नदीकाठी कॉटनवुडची झाडे आहेत, त्यांच्या सावलीत वॉचमन नावाचे कॅम्पग्राउंड. तिथल्या काही जागांवर वीज मिळते. आमची पहिली रात्र तिथे होती.

गाडी उभी करायच्या प्रत्येक जागेशेजारी कमरेएवढ्या उंचीचा एक डबा रोवलेला असतो. त्याला पेडेस्टल म्हणतात. झाकण उघडले की आत सॉकेट आणि ब्रेकर. साध्या उपकरणांसाठी २० अँपिअरचे, मध्यम गाड्यांसाठी ३० चे, मोठ्या गाड्यांसाठी ५० चे. सगळीकडे तिन्ही असतातच असे नाही. ३० च्या सॉकेटला तीन भोके असतात: दोन तिरपी आणि एक गोल. तिरप्यांत फेज आणि न्यूट्रल, गोल भोक अर्थिंगचे. दाब १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३६०० वॅट मिळतात. ५० च्या सॉकेटला चार भोके असतात, कारण त्यात १२० व्होल्टच्या दोन फेज येतात, आणि मिळतात १२००० वॅट. नावे बघून वाटते की ५० म्हणजे ३० च्या दीडपटीहून थोडे जास्त असेल. प्रत्यक्षात ते तिपटीहून अधिक आहे. आमची गाडी ३० वाली होती. एसी चालू असताना किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडणार हे ठरलेले. (जाता जाता एक सांगतो: इथला मिक्सर तिकडे नेऊ नका. २३० व्होल्टवर चालणारी मोटर १२० वर नुसती कण्हते.)

माझ्या पिशवीत तीन वस्तू होत्या. पहिली, तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर. हा तिकडे दहा-पंधरा डॉलरला मिळतो. सॉकेटमध्ये घातला की दोन पिवळे दिवे पेटले तर जोडणी ठीक. एकच पेटला, किंवा लाल पेटला, तर काय बिघडले आहे याचा तक्ता टेस्टरवरच छापलेला असतो. ३० अँपिअरच्या सॉकेटात तो थेट बसत नाही, मध्ये एक ॲडॉप्टर लागतो. दुसरी वस्तू मल्टिमीटर. तिसरी, पेनसारखा टेस्टर, जो तारेला किंवा पत्र्याला न टेकवता नुसता जवळ नेला तरी दाब असल्यास चिवचिवतो. आपल्याकडचा स्क्रू-ड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर मी मुद्दाम नेला नव्हता. त्यात आपले शरीरच सर्किटचा भाग होते, आणि ओल्या जागी मला ते पसंत नाही.

मुलगी म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही फिरायला आलात की इन्स्पेक्शनला?’

पत्नीची अडचण वेगळी होती. ‘दुसऱ्याच्या दारात उतरायचे आणि त्याचाच बोर्ड तपासायचा? त्यांना काय वाटेल?’ हा संकोच आपल्या माणसांत खोल असतो, आणि मला तो समजतो. मेहमान म्हणून गेल्यावर यजमानाच्या पाण्याचा वास घेऊन बघणे शोभत नाही. पण आजूबाजूला पाहिले तर समोरच्या जागेवर आलेला एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ गाडीतून उतरून आधी तेच करत होता. टेस्टर लावला, दिवे पाहिले, मग केबल जोडली. तिकडच्या अनुभवी प्रवाशांत ही रीतच आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

वॉचमनमध्ये सगळे नीट निघाले. दोन पिवळे दिवे लागले. मीटरवर फेज ते न्यूट्रल १२० च्या आत-बाहेर, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ शून्याला लागून. हे तीन आकडे एकमेकांशी जुळले की मला समाधान वाटते. मग ब्रेकर बंद केला, केबल घातली, आणि पुन्हा ब्रेकर चालू केला. क्रम असाच ठेवायचा. ब्रेकर चालू असताना प्लग ओढला-घातला की आत ठिणगी उडते, पितळ जळते, सॉकेट सैल पडते. पुढच्या माणसाला ते काळे, वितळलेले भोक मिळते. असे जळके सॉकेट दिसले तर दिवे काहीही सांगोत, तिथे केबल घालू नये.

इथे आपल्याकडच्या वायरमन मंडळींसाठी एक गोष्ट नोंदवतो. आपल्याकडे लाल फेज आणि काळी न्यूट्रल, हे हाताला पाठ झालेले असते. अमेरिकेत काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. अर्थ हिरवी किंवा नुसते उघडे तांबे. आखातातून किंवा इथून थेट तिकडे गेलेल्या आणि घरातले किरकोळ काम स्वतः करणाऱ्या माणसाने ही अदलाबदल कपाळावर लिहून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी झायनचा जुना बोगदा ओलांडला. १९३० साली खुला झालेला, १.१ मैल लांब, कड्याच्या पोटातून कोरलेला. उंच गाड्यांना त्याच्या मधोमध चालावे लागते, म्हणून आम्ही गेलो तेव्हा समोरची वाहतूक थांबवून आमच्यासारख्यांना सोडत होते. तिथून पुढे ब्राइस कॅन्यन. हजारो दगडी सुळके, जणू कुणी ताजियांची मिरवणूक दगडात गोठवून ठेवली आहे. तिथल्या उद्यानाच्या आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही, आणि आठ हजार फुटांवर रात्र गार पडते. नातीला सर्दी झाली होती. म्हणून संध्याकाळी खाली उतरून ८९ नंबरच्या महामार्गावरच्या एका लहान गावात, एका खासगी कॅम्पग्राउंडवर आम्ही जागा घेतली. गावाचे आणि जागेचे नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी शेवटी जे केले ते बघता त्यांची बदनामी व्हावी असे मला वाटत नाही.

आमची जागा एका रांगेच्या पहिल्या टोकाला होती. पुढे आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. पेडेस्टल किंचित कलला होता, गाडी मागे घेताना कुणाचा तरी बंपर लागलेला असावा. डबा पत्र्याचा. त्याच्यापासून हातभर अंतरावर पाण्याचा नळ, आणि नळाखाली सदा ओली माती. प्रत्येक जागेवर हीच मांडणी असते, कारण वीज आणि पाणी दोन्ही गाडीला एकाच बाजूने लागतात. नातू सॅंडल काढून, बाह्या सरसावून नळाकडे निघाला होता; मगरिबची वेळ होत आली होती. मी त्याला म्हटले, ‘थांब जरा. आज वुजू गाडीतल्या बेसिनवर कर.’ तेव्हा मला काही ठाऊक नव्हते. डबा तपासून होईपर्यंत पोरांनी ओल्या पायांनी त्याच्याजवळ जायचे नाही, हा माझा नेहमीचा नियम होता, एवढेच.

पेन-टेस्टर डब्याच्या पत्र्याजवळ नेला आणि तो चिवचिवला.

रबरी तळाचे बूट कोरडे आहेत याची खात्री केली, एक हात पाठीमागे ठेवला आणि प्लास्टिकला धरून प्लग-टेस्टर लावला. एक पिवळा दिवा ठळक पेटला, दुसरा नुसता मिणमिणला. तक्त्यात असे काही नसते. मग मीटर लावला. फेज ते न्यूट्रल ११९. आणि न्यूट्रल ते अर्थ, जिथे शून्य यायला हवे, तिथे ६० च्या पुढचा आकडा.

याचा अर्थ समजून घेण्यासाठी तिसऱ्या तारेचे काम काय ते बघावे लागेल. दिवा, पंखा, एसी चालायला दोनच तारा लागतात. अर्थची तार तुटली तरी सगळे जसेच्या तसे चालते, एक दिवासुद्धा मंद होत नाही. म्हणूनच ती तुटल्याचे कुणाला कळत नाही. ती लागते एकाच दिवशी: उपकरणाच्या आत फेज सुटून पत्र्याला लागते त्या दिवशी. अर्थ शाबूत असेल तर तिथून मोठा प्रवाह मुख्य बोर्डाकडे परत धावतो आणि ब्रेकर पडतो. अर्थ नसेल तर प्रवाहाला वाट नाही, ब्रेकर पडत नाही, आणि पत्रा तसाच भारलेला राहतो.

आरव्हीत हे घरापेक्षा वाईट असते. संबंध गाडी धातूच्या सांगाड्याची, आणि ती चार-सहा रबरी टायरांवर उभी. जमिनीपासून पूर्ण वेगळी. आत बसलेल्याला काही जाणवत नाही, कारण सगळेच सारख्या दाबावर असते. धोका असतो तो एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात दाराच्या कडीवर, या एका क्षणात. लोक विचारतात, जमिनीत एक सळई ठोकून तार बांधली तर? त्याने भागत नाही. सळईचा मातीशी रोध २५ ओहम धरला, तर १२० व्होल्टला प्रवाह होतो ४.८ अँपिअर. ३० चा ब्रेकर त्याने कसा पडणार? आपल्या आवारात कोळसा-मीठ घालून केलेला खड्डासुद्धा एकटा हे काम करत नाही; अर्थची तार मुख्य बोर्डापर्यंत अखंड परत गेली पाहिजे.

माणसाला लागते किती? एक मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिणी कळते. दहाच्या पुढे गेले की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. शंभरच्या घरात गेले की हृदयाची लय बिघडू शकते. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी हे आकडे माणसांवर सावध प्रयोग करून मोजले आणि १९६१ साली पाच मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा ब्रेकर शोधला. तिकडच्या साध्या २० अँपिअरच्या सॉकेटला आज तो असतो. आपल्याकडच्या घरांत बसवतात तो आरसीसीबी त्याच जातीचा, बहुधा ३० मिलिअँपिअरचा. आमच्या त्या डब्यातल्या ३० अँपिअरच्या सॉकेटला असे संरक्षण नव्हते.

आता ते ६० व्होल्ट. अर्थ नुसती तुटलेली असती तर मीटरवर वाऱ्यावरचा, न ठरणारा आकडा आला असता. हा आकडा ठाम होता. म्हणजे आमच्या सॉकेटच्या अर्थवर कुणीतरी दाब पाठवत होते, आणि आमची केबल तर मी अजून घातलीच नव्हती. अशा रांगांत तारा बहुतेक एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. पहिल्याच डब्यात मागची अर्थ सुटली की पुढचे सगळे डबे एकमेकांना जोडलेले, पण मुख्य बोर्डापासून तुटलेले राहतात. मग एका गाडीतली गळती सगळ्यांच्या पत्र्यावर पसरते.

जावई म्हणाले, ‘अब्बा, एका रात्रीचा प्रश्न आहे. बॅटरीवर काढू, केबल लावूच नको.’ आमच्यापुरते ते बरोबर होते. पण पलीकडच्या जागेवर एक वृद्ध जोडपे ट्रेलर लावून बसले होते. त्यांच्या पलीकडे एक तरुण कुटुंब, आणि त्यांच्या गाडीच्या पायरीला लागून पोरांचा फुगवायचा छोटा हौद. दोन मुले त्यात डुंबत होती आणि ओल्या अंगाने गाडीत आत-बाहेर करत होती.

मी त्या वृद्ध गृहस्थांना सलाम-दुआ झाल्यासारखे हाय-हॅलो केले आणि विचारले, तुमच्या दाराजवळ हा पेन नेऊ का? ते हसून म्हणाले, ‘न्या की.’ कडीपासून वीतभर दूर असतानाच पेन ओरडू लागला. त्यांचे हसू थांबले. मग त्यांच्या पत्नीने सांगितले की दोन-तीन दिवस सकाळी अनवाणी बाहेर आले की कडीला हात लावताना मुंग्या येतात. वाळवंटी कोरड्या हवेत लोकरीच्या कपड्यांचा चटका बसतो, तसलेच काही असेल, असे दोघांना वाटले होते. झिणझिणी आली की ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देण्याची सवय जगभर सारखीच दिसते. आपल्याकडे गिझरच्या नळाला हीच झिणझिणी येते आणि घरातल्या बाया महिनोन् महिने टॉवेल गुंडाळून नळ फिरवतात.

मुलगी त्या तरुण कुटुंबाकडे गेली. आई मुलांना हौदातून काढून दूर बाकावर घेऊन गेली. गाडीला हात लावायचा नाही हे तिने एका वाक्यात समजून घेतले. जावई ऑफिसात गेले. तिथली व्यवस्थापक बाई गोल्फच्या छोट्या गाडीतून आली आणि तिने पहिले वाक्य तेच म्हटले जे मी अपेक्षिले होते: ‘तुमच्या आधीचे लोक दोन आठवडे राहिले. त्यांची काही तक्रार नव्हती. एसी चालत होता.’

मी म्हटले, ‘चालणारच. तिसऱ्या तारेवाचून सगळे चालते.’ आणि मीटरचा आकडा दाखवला.

ती काही वाईट बाई नव्हती. संध्याकाळचे सात वाजत आले होते, दुरुस्तीवाला घरी गेला होता, आणि समोर एक परदेशी म्हातारा तिच्या जागेत दोष दाखवत होता. ती म्हणाली, तुम्हाला दुसऱ्या रांगेत चांगली जागा देते, सकाळी हे बघून घेऊ. आम्हाला जागा मिळत होती, पण बाकीच्या दोघांचे काय? सकाळपर्यंत दोन गाड्यांतली माणसे अंधारात पायरी उतरणार होती. मी विनंती केली, दुरुस्ती सकाळी करा हवी तर, पण या रांगेचा मुख्य ब्रेकर आत्ता बंद करा. ती जरा वेळ गप्प राहिली. वीज बंद म्हणजे पैसे परत करणे, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. मग तिने पेन-टेस्टर माझ्या हातातून मागून घेतला आणि वृद्ध जोडप्याच्या दारापाशी स्वतः नेऊन पाहिला. त्यानंतर तिने वाद घातला नाही. ब्रेकर बंद केला आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो तासाभरात आला. डोक्याला दिवा लावलेला, बोलायला कमी, हात स्वच्छ चालणारे. ब्रेकर बंद आहे याची त्याने स्वतःच्या मीटरने पुन्हा खात्री केली, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तिथेच मला तो पसंत पडला. आमच्या जागेवरच्या कललेल्या डब्याचे झाकण काढले. तळाशी अर्थच्या तारा ज्या पट्टीवर आवळलेल्या असतात तिथे मुख्य बोर्डाकडून येणारी तार स्क्रूखालून निसटून बाजूला पडली होती. टोक काळे पडलेले. धक्क्याने हलली असेल, मग सैल होत होत सुटली असेल. त्याने टोक कापून नवे केले, पट्टी घासली, आवळली, आणि तार ओढून बघितली.

वीज परत आली. आमच्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ एक व्होल्टाहून कमी. आणि थोड्याच वेळात वृद्ध जोडप्याच्या ट्रेलरमधून ‘खट्’ असा आवाज झाला. त्यांच्या गिझरचा ब्रेकर पडला होता. गिझरचे एलिमेंट फुटले होते, बहुधा मधोमध, म्हणून पत्र्यावर १२० च्या निम्मे येत होते. अर्थ जागेवर येताच गळतीला वाट मिळाली आणि ब्रेकरने आपले काम केले. गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे दोष आमचाच होता?’ दुरुस्तीवाला म्हणाला, ‘अर्धा तुमचा, अर्धा आमचा.’ गिझर बंद ठेवून त्यांची रात्र निघाली. रात्री उशिरा त्यांच्या पत्नीने आमच्याकडे सफरचंदाचा केक आणून दिला. तिने स्वतःहून सांगितले, यात दारू नाही, जिलेटिनही नाही. आमच्या पत्नीने डब्यात खिमा भरून दिला.

कॅम्पग्राउंडपेक्षाही काळजी घ्यावी अशी जागा मला पुढे दिसली, ती म्हणजे नातेवाइकांचे अंगण. आपली माणसे गाडी घेऊन निघाली की वाटेत कुणा मामू, कुणा खालाच्या घरी मुक्काम करतातच. गाडी दारात लावली, गॅरेजमधून केबल ओढली. मुलीच्या ओळखीच्या एका कुटुंबाने गाडीसाठी घराबाहेर ३० चे सॉकेट मुद्दाम बसवून घेतले होते. इलेक्ट्रिशियनने ते पाहिले आणि त्याला कपडे वाळवायच्या यंत्राचे सॉकेट वाटले, कारण दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. त्याने २४० व्होल्ट जोडले. पहिल्याच दिवशी गाडीतला मायक्रोवेव्ह आणि बॅटरीचा चार्जर गेला. अशा सॉकेटात मीटर लावून एकदा व्होल्ट मोजायला अर्धे मिनिट लागते.

जुन्या घरांत आणखी एक खोडी असते, जी मी माझ्या ट्रेडच्या मुलांना दर वर्षी दाखवत असे, कारण ती आपल्याकडेही घरोघरी आहे. घरात अर्थची तार ओढलेलीच नसते. मग बोर्डात अर्थच्या भोकातून न्यूट्रलला एक तुकडा जोडून देतात. तीन दिव्यांचा टेस्टर याला फसतो आणि सगळे ठीक दाखवतो. त्यात फेज-न्यूट्रलही उलटे झाले असतील तर पत्र्यावर थेट पूर्ण दाब येतो, आणि दिवे तरीही ‘ठीक’च म्हणतात. आरव्हीच्या विजेवर वर्षानुवर्षे लिहिणारे माईक सोकोल यांनी या जोडणीवर तिकडच्या लोकांना बरेच सावध केले आहे. म्हणून दिव्यांनी हो म्हटले तरी केबल लावल्यावर पेन-टेस्टर एकदा गाडीच्या दाराजवळ नेतात. तो गप्प राहिला तर हात लावायचा.

एवढे सगळे हातांनी करायचे नसेल तर केबल आणि डबा यांच्यामध्ये बसवायचे एक यंत्र मिळते. दोन-अडीचशे डॉलरच्या पुढे किंमत. जोडणी उलटी असेल, अर्थ नसेल तर ते वीज आतच सोडत नाही; दाब १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेला तरी तोडते. खालचा आकडाही महत्त्वाचा आहे. उन्हाच्या दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालतात, जुन्या तारांवर दाब कोसळतो, आणि कमी दाबावर एसीची मोटर जास्त प्रवाह ओढून तापते. जो नेहमी फिरतो त्याने हे यंत्र घ्यावे. आमच्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांना पिशवीतल्या तीन वस्तू पुरतात. मात्र मीटरच्या सुया सॉकेटात घालणे हे ज्याला येते त्यानेच करावे. न येणाऱ्याने दिव्यांचा टेस्टर आणि पेन यांवर थांबावे, आणि काही वेगळे दिसले तर केबल न लावता ऑफिस गाठावे.

शेवटची रात्र ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, ट्रेलर व्हिलेज नावाच्या जागेवर. दरीबद्दल मी लिहीत नाही. ती ज्याने पाहिली त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून उपयोग नाही. संध्याकाळी एल्क जातीची मोठी हरणे गाड्यांच्या मधून निवांत चरत चालली होती, पेडेस्टलवरून मान पलीकडे टाकत. ती सरकेपर्यंत आम्ही थांबलो. मग नातवाने पेन डब्याजवळ नेला. गप्प. टेस्टर लावला.

‘नाना, दोन पिवळे.’

‘ब्रेकर?’

‘बंद केला.’

‘मग घाल केबल.’